‘चालेल’ म्हणणाऱ्या दादास

९ मे

दादा,

नमस्कार, क्षेमकुशल वगैरे या पत्रात नाही. तेवढं सौजन्य आज माझ्यापाशी शिल्लक नाही. इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तुला धक्का बसला असेल तर खुशाल बसू दे. फोन तू उचलत नाहीस, आणि लेकीच्या फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढे तुझी गाडी सरकत नाही, म्हणून लिहायला बसले.

बारकी सुखरूप पोचली. काय पण नाव ठेवलंत पोरीला! दारात उभी राहिली तेव्हा तिचं डोकं चौकटीला आपटेल म्हणून मीच खाली वाकले. माझ्याकडे राहून ती इथल्या कॉलेजात शिकणार, याचा मला किती आनंद झाला होता ते तुला सांगणार नाही. तुला त्याचं काय?

आता मुद्द्याचं. महिनाअखेरपर्यंत तिला मुख्य विषय ठरवून द्यायचाय. त्याआधी कॉलेजवाले सगळ्यांकडून एक स्वमूल्यांकन चाचणी करून घेतात. पानंच्या पानं वाक्यं असतात. ‘माझं काम नीटनेटकं असतं’, ‘अनोळखी माणसांशी मी सहज बोलू शकते’ अशी. प्रत्येक वाक्यापुढे आपणच आपल्याला एक ते पाच गुण द्यायचे. मग संगणक बेरीज करून सांगतो, तुम्ही कशासाठी जन्माला आलात.

बारकीला त्यानं सांगितलं, व्यवस्थापन. त्याखाली जनसंपर्क. त्याखाली आणखी काय काय. आणि सगळ्यांत तळाशी, पार पानाच्या काठावर, कृत्रिम अवयवनिर्मिती.

दादा, ज्या विषयासाठी ती घर सोडून इथवर आली, तोच विषय तळाशी! अप्पांची नात, तुझी लेक. कळायला लागल्यापासून जिनं आपल्या कारखान्यात खोटे डोळे रंगवले जाताना बघितले, स्वतः रंगवले. तिला म्हणे हाताच्या कामात गती नाही, रंगांची जाण नाही. आणि ती काय म्हणाली असेल? “बरं झालं आत्या, आधीच कळलं. नाहीतर चार वर्षं फुकट गेली असती.” असं म्हणून तिनं शांतपणे पावाला लोणी लावलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. उद्या-परवा सुट्टी टाकून मी त्या कॉलेजात जाणार आहे. त्या संगणकाला नाही, पण ज्यानं तो आणून बसवला त्याला जाब विचारल्याशिवाय परत येणार नाही. तुला नुसतं कळवतेय, परवानगी मागत नाहीये.

तुझी (कागदोपत्री तरी) बहीण


१५ मे

दादा,

गेले होते. भांडायला म्हणून गेले आणि भांडण भलत्याच माणसाचं निघालं. म्हणजे तुझं.

चाचणीचं काम बघणारी समुपदेशक एक तरुण मुलगी आहे. सर्दीनं बेजार होती, टेबलावर रुमालांचा ढीग. मी खुर्चीत बसायच्या आधीच आवाज चढवला. तिनं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि बारकीला विचारलं, “तुझी उत्तरं आत्यांसमोर उघडू का?” बारकी हो म्हणाली.

‘माझं काम नीटनेटकं असतं.’ दोन.

‘बारीक काम मी न कंटाळता करू शकते.’ दोन.

‘रंगांमधला सूक्ष्म फरक मला कळतो.’ एक! दादा, एक!

आणि ‘वाटाघाटी करून मी लोकांना पटवू शकते’ याला पाच. या मुलीनं आयुष्यात भाजीवाल्याकडे कोथिंबीर जास्त मागितलेली नाही.

“नीटनेटकेपणाला दोनच का गं?” समुपदेशिकेनं विचारलं.

“बाबा ‘चालेल’ म्हणतात,” बारकी म्हणाली. “चालेल म्हणजे दोनच ना?”

“मग पाच कोणाला देशील?”

“आजोबांना.”

“आणि बाबांना?”

बारकीनं विचार केला. “चार. त्यांना स्वतःला विचारलं तर ते तीनच देतील.”

“आणि वाटाघाटींना पाच कसे दिलेस?”

“त्यात मला कधी कोणी काही बोललंच नाही. म्हणून वाटलं, जमत असेल.”

ती मुलगी शिंकली, नाक पुसलं आणि माझ्याकडे वळली. “आत्या, चाचणी चुकलेली नाही. ती स्वतःला काय समजते एवढंच चाचणी विचारते, आणि तिनं ते प्रामाणिकपणे सांगितलंय. हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं, ते तुम्ही घरी बघा. कारण लिहून दिलं तर महिनाअखेरच्या आत चाचणी पुन्हा एकदा देता येते. पण तीच मुलगी तीच उत्तरं देणार असेल तर काय उपयोग?”

मी निमूट तो ग्लासभर पाणी प्यायले.

आपल्या कारखान्याची भाषा आठवते ना? अप्पांकडे शब्द मोजकेच. ‘फेक’ म्हणजे फेकायचं. ‘बघू’ म्हणजे पुन्हा करायचं. ‘चालेल’ म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायचं. आणि काम फारच उत्तम झालं तर अप्पा काहीच बोलायचे नाहीत, चहा मागायचे. बाहेरचा माणूस ऐकेल तर हसेल. पण आपण त्याच मापावर वाढलो आणि तू तेच माप उचलून लेकीच्या हातात दिलंस. ते घेऊन ती परक्या गावात आली. तिथली पोरं स्वतःला भराभर पाच पाच देत होती, आणि ही आपली बापाच्या मापानं स्वतःला मोजत बसली.

तिला पत्र लिही. तुझं काम चांगलं आहे, एवढं एक वाक्य. मी सांगून बघितलं, तर म्हणाली, “तू आत्या आहेस, तू म्हणणारच.” तुझ्याशिवाय इतर कुणाचं तिच्या लेखी खरं नाही. तुझी एवढी पत का आहे, देव जाणे.

बहीण


२२ मे

दादा,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चार ओळींची नोटीस. तीही वहिनीच्या अक्षरात! स्वतःच्या हातानं लिहायचेही कष्ट नकोत? बहिणीला नाही तर नाही, लेकीचा प्रश्न होता.

‘तिचं तिला ठरवू दे. चाचणी म्हणते ते बरोबर असेल. कौतुकानं हात बिघडतो.’

कौतुकानं हात बिघडतो! माझा हात कोणत्या कौतुकानं बिघडला होता, सांग बरं. अप्पा गेल्यावर दोन वर्षं मी तुझ्या शेजारच्या टेबलावर बसून डोळे रंगवले. पांढऱ्यावर रेशमाचे लाल धागे अंथरून शिरा काढायचं काम तू माझ्याकडेच द्यायचास, कारण तुझ्या शिरा नकाशातल्या नद्यांसारख्या दिसायच्या. एकदा, फक्त एकदा मी तुला विचारलं, “दादा, माझं काम कसं आहे रे?” तू मान वर न करता ‘चालेल’ म्हणालास आणि मी चालू लागले. तेव्हापासून रंगाच्या दुकानात लोकांच्या भिंतींचे रंग मिसळून देते. इथं मालक दिवसातून तीनदा ‘वा बाई’ म्हणतो. माझा हात अजून तरी शाबूत आहे.

पण आज मी याबद्दल लिहिणार नव्हते. काल एक गोष्ट घडली ती लिहायचीये. वहिनी, हे तूच वाचून दाखवत असशील, तर इथून पुढे आवाज बारीक करू नकोस.

दुकानातून मी करड्या रंगाच्या नमुन्यांच्या पट्ट्या घरी आणल्या होत्या. गिऱ्हाइकांनी हाताळून सगळा क्रम विस्कटलेला. पाठीमागे नंबर असतात, ते बघून लावायच्या. सकाळी खिडकीत बारकीशी बोलत बसले होते. बोलता बोलता तिनं त्या पट्ट्या ओढल्या आणि पाठीमागे न बघता लावून टाकल्या. मी उलटून पाहिलं. सगळे नंबर ओळीत, एकच पट्टी जागा सोडून. मी म्हटलं, “ही चुकली.” ती म्हणाली, “नाही आत्या, ती उन्हात राहून उडालीये. म्हणून तिला इथं ठेवली.” ती पट्टी दुकानाच्या दर्शनी काचेत लावलेली असते, दादा. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

“मग चाचणीत एक का दिलास स्वतःला?” मी ओरडलेच.

“कारण मला नसलेले फरक दिसतात,” ती म्हणाली. अगदी आजार सांगावा तशी.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी एक बाई आल्या होत्या, करड्या डोळ्यांच्या, एक डोळा अपघातात गेलेला. बुबुळ बारकीनं रंगवलं. वाळल्यावर तिला ते हिरवट वाटलं. “बाबा, पुन्हा करते,” म्हणाली. तू ते खिडकीपाशी नेलंस, फिरवून फिरवून पाहिलंस आणि म्हणालास, “काही हिरवट नाही. उगाच फरक काढू नकोस. पॉलिश कर.” तिनं पॉलिश केलं. त्या बाई तो डोळा लावून गेल्या. त्या दिवसापासून बारकीनं मनाशी ठरवून टाकलं की बाबांना दिसत नाही तो फरक नसतोच, आपल्याच नजरेत काहीतरी खोट आहे.

“तू इथं येईपर्यंत बुबुळं कोण रंगवत होतं?” मी विचारलं.

“मीच. बाबांना संध्याकाळी प्रकाश पुरत नाही.”

“आणि सकाळी?”

तिनं पट्ट्यांची गड्डी सारखी केली. मग म्हणाली, “सकाळी पण मीच.”

वहिनीच्या अक्षराचं कोडं मला तिथं उलगडलं. दादा, तुला मोतीबिंदू झालाय. माझ्या सासूबाईंना झाला होता, त्याही एका पायात निळा आणि दुसऱ्यात हिरवा मोजा चढवून फिरायच्या आणि माझ्याशी वाद घालायच्या. जन्मभर लोकांना डोळे करून दिलेस, आणि स्वतःचे डोळे डॉक्टरला दाखवायला घाबरतोस!

बारकीला मी काही बोललेले नाही. तिच्या डोक्यात ही शंकाही येत नाही. बाबांना दिसत नाही असं तिला म्हणणं म्हणजे तिच्या पायाखालची जमीन काढून घेणं. आणि मी सांगितलं तर तिला वाटेल, आत्या जुना राग काढतेय. सांगायचं तुलाच आहे. महिना संपत आलाय.

बहीण


२६ मे

दादा,

या वेळी पत्र लगेच आलं. लांबही होतं. वहिनीचं अक्षर दोन ठिकाणी फिसकटलंय, ते माझ्या लक्षात आलं.

तू म्हणतोस, ‘मला दिसत नाही, म्हणूनच मी तिच्या कामाला चांगलं म्हणत नाही. जे दिसत नाही त्याला चांगलं म्हणणं ही लबाडी. अप्पांच्या कारखान्यात मी लबाडी केली नाही.’

वा! हे वाचून माझी मान अभिमानानं ताठ व्हायला हवी होती, नाही का? मग ‘चालेल’ कशाच्या जोरावर म्हणत होतास? ‘काही हिरवट नाही’ हे कोणत्या डोळ्यांनी बघून सांगितलंस? दिसत नसताना चांगलं म्हटलं की लबाडी, आणि दिसत नसताना पोरीला खोटं पाडलं की सचोटी? हा हिशेब तुला कुणी शिकवला? अप्पांनी तर नाही. शेवटी शेवटी अप्पांचा हात कापायला लागला, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर ब्रश खाली ठेवला होता. “आता तुम्ही करा” म्हणाले होते. तू तिथेच उभा होतास.

पुढे लिहितोस, ‘तिला कळलं तर ती कॉलेज सोडून कारखाना चालवायला परत येईल, म्हणून लपवलं.’ हे मात्र मी दोनदा वाचलं. खरं असेल. तू वाईट बाप आहेस असं मला कधीच वाटलं नाही, तसं वाटलं असतं तर इतकी शाई मी खर्च केली नसती. पण दादा, तिनं घरी परत येऊ नये म्हणून तू तिला तिच्याच नजरेवर संशय घ्यायला शिकवलंस. आणि आता ती अशी निघालीये की कारखान्यातही येणार नाही, त्या विषयातही जाणार नाही. कुठल्यातरी कचेरीत बसून लोकांना पटवत राहील. तिला ते येत नाही, दादा. काल दूधवाल्यानं नासकं दूध दिलं, तर हीच त्याला ‘सॉरी’ म्हणाली.

ती कागदावर ‘व्यवस्थापन’ लिहून बसलीये. लिफाफा अजून बंद केलेला नाही. तुला लिहून कळवायचं नसेल तर उठ आणि इथं ये. वहिनी, याला गाडीत बसव. रस्ता दिसत नसेल तर हाताला धरून आण.

बहीण


७ जून

दादा,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. तुझं पत्र आधी आलं. ‘ती नंतर एक शब्दही बोलली नाही. मी येऊन सगळं बिघडवलं का?’ असं विचारतोस. म्हणून त्या दिवशी तू जिना उतरल्यावर काय झालं ते सांगते. तुला दिसलं नसेलच, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

तू माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलास, टोपी मांडीवर ठेवलीस आणि म्हणालास, “करडा आणि हिरवट करडा मला सारखेच दिसतात. बरेच दिवस झाले. त्या वेळी तुझंच बरोबर होतं.” मी पाठ फिरवून भांडी घासत होते. तीच तीच कढई घासत राहिले. तुझ्या तोंडून ‘तुझंच बरोबर होतं’ हे शब्द निघताना मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकले, आणि ते माझ्यासाठी नव्हते याचं मला वाईट वाटलं. वाटलं ते सांगून टाकते.

मला वाटलं होतं, पोरगी रडेल, तुझ्या गळ्यात पडेल. ती उठून उभी राहिली. तिनं एवढंच विचारलं, “आणि त्या बाई?”

तुला कळलंच नाही. “कोण बाई?” म्हणालास.

त्यावर ती जी खोलीत गेली ती तुम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. तुम्ही गेल्यावर आली ती वादळासारखी. तिला इतकी मोठ्यानं बोलताना मी ऐकलेलं नव्हतं. “वर्षभर, आत्या! वर्षभर त्या बाई एक करडा आणि एक हिरवट डोळा घेऊन लोकांत फिरताहेत! मी बाबांना सांगितलं होतं. मला दिसत होतं. मी सांगितलं होतं!” स्वतःच्या गुणांचं तिला काही पडलं नव्हतं. चाचणी, विषय, कॉलेज, सगळं बाजूलाच राहिलं. त्या बाईंनी आरशात बघताना काय म्हटलं असेल, परत तक्रार करायला का आल्या नाहीत, आपलंच नशीब म्हणून गप्प बसल्या असतील का, हेच ती घोकत होती. मी चहा केला, तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी उठून कॉलेजात गेली. चाचणी पुन्हा द्यायची तर कारण लिहावं लागतं, ते तिनं लिहिलं, ‘आधी ज्यांच्या मतावरून मी स्वतःला गुण दिले, त्यांना दिसत नव्हतं.’ समुपदेशिकेनं मला फोन केला. तिची सर्दी बरी झालीये. म्हणाली, “हे असंच ठेवू का? जरा कडक वाटतं.” मी म्हटलं, ठेवा.

या वेळी काय उत्तरं दिली ते तिनं मला सांगितलं नाही. निकालाचा कागदही घरी आणला नाही. “तो बघायची गरज नव्हती,” म्हणाली. विषयाच्या रकान्यात कृत्रिम अवयवनिर्मिती लिहून, सही करून, लिफाफा देऊन आली.

सुट्टी लागली की ती घरी येणार आहे. तुला भेटायला नाही, गैरसमज नको. त्या बाईंचा पत्ता शोधून काढ आणि त्यांना बोलावून ठेव. बारकीनं सांगितलंय, त्यांना सकाळी खिडकीपाशी बसवायचं, डोळा ती पुन्हा करून देणार, आणि त्या वेळी कारखान्यात कुणी ‘चालेल’ म्हणायचं नाही. मी फक्त निरोप पोचवतेय.

ऑपरेशनची तारीख घेतलीस ते बरं केलंस. मी येईन. वहिनी एकटी किती धावपळ करणार? तुझ्यासाठी येतेय असं मात्र समजू नकोस. आणि आलेच तर माझ्या जुन्या टेबलावर तू काय पसारा मांडून ठेवला आहेस तेही बघेन.

शेवटी विचारलं आहेस, ‘बारकी अजून रागात आहे का?’ आहे. चांगलीच आहे. ताट आपटते, दार आपटते, तुझं नाव निघालं की ओठ घट्ट मिटते. तू तिची समजूत घालायला जाऊ नकोस आणि मलाही घालायला सांगू नकोस. इतकी वर्षं ही मुलगी तुझ्यावर एकदाही रागावली नाही, तेव्हा तू काळजी करायला हवी होतीस. स्वतःला दोन गुण देणाऱ्या मुलीला एवढा राग येत नाही, दादा.

तुझी बहीण